सातचा फोन : दारू सोडल्यावर दोस्तांचं काय करायचं

व्यसनमुक्ती केंद्रातून मी घरी आलो त्या दिवशी पहिला फोन आला तो अशोक चौकातल्या दोस्ताचा. संध्याकाळचे सात वाजले असतील. "आलास म्हणे बे. लई बरं झालं. बस की आज जरा. तू घेऊ नको, नुसतं बस." त्याच्या बोलण्यात काळंबेरं काही नव्हतं. मी महिनाभर नव्हतो तेव्हा माझ्या पोराची फी भरून आलेला माणूस तो. फोन ठेवला आणि मी शर्ट बदलायला उठलोसुद्धा. बायको काही बोलली नाही. तिनं खुंटीवरची गाडीची किल्ली घेतली आणि पदराला गाठ मारली.

त्याला नऊ वर्षं झाली. मी युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग मास्तर आहे, डॉक्टर नाही की समुपदेशक नाही. पण या नऊ वर्षांत नव्यानं सोडलेली बरीच माणसं माझ्यासमोर येऊन बसली आणि बहुतेकांचा प्रश्न एकच : दारूचं मी बघतो, पण दोस्तांचं काय करू?

"जुने सगळे तोडा" हे ठरलेलं उत्तर. मला ते पटत नाही, कारण आपल्या गावात ते जमत नाही. जो पितो तोच शेजारच्या मागावर असतो, तोच बायकोच्या नात्यातला निघतो आणि त्याच्याचकडून आपण दहा हजार उचललेले असतात. १९३० च्या मे महिन्यात याच सोलापुरातली माणसं रूपाभवानीच्या देवळाकडं शिंदीची, म्हणजे ज्यांच्या रसाची दारू होते ती, झाडं तोडायला गेली होती. गोळीबार झाला, पुढं मार्शल लॉ लागला. झाडावर निदान कुऱ्हाड तरी चालते. फी भरणाऱ्या दोस्तावर काय चालवणार? म्हणून खाली जे सांगतोय ते माणसं तोडायचं नाही, भेटायच्या वेळा बदलायचं आहे.

सुरुवातीआधी : अंगातली दारू एकट्यानं उतरवू नका

रोज भरपूर पिणाऱ्यानं दोस्ताशी पैज लावून "आजपासून बंद" म्हणत घरात कोंडून घेऊ नये. शेवटच्या घोटानंतर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास, ताप, थरथर सुरू होऊन माणूस पार भ्रमात जाऊ शकतो आणि यात जीवही जातो. भेसळीच्या ताडीचंही तसंच. तिच्यात क्लोरल हायड्रेटसारखं गुंगीचं औषध मिसळलेलं असतं, ते एकदम थांबलं की शरीर उसळतं. त्यामुळे आधी डॉक्टर. सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे. कुठं जायचं सुचत नसेल तर १४४४६ हा नशामुक्तीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे, आणि मन फारच खचलं असेल तर टेलिमानसचा १४४१६. पुण्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, आपल्याकडूनही माणसं तिथं जातात.

केंद्रातले दिवस सोपे असतात असं मी म्हणणार नाही, पण तिथं सात वाजता फोन येत नाही. खरी परीक्षा घरी आल्यावर.

पायरी १ : फोनमधली नावं कागदावर उतरवा

हे मी कटिंगच्या टेबलावर केलं. पॅटर्नचा खाकी कागद होता, त्यावर पेन्सिलीनं एकेक नाव लिहीत गेलो. चांगला की वाईट, असं काही लिहिलं नाही. प्रत्येक नावासमोर एकच गोष्ट लिहायची : या माणसाला मी दारूशिवाय शेवटचं कधी आणि कुठं भेटलो?

काही नावांपुढं पटकन आठवतं. "कंबर तलावावर, पोरांना घेऊन." "सिव्हिलमध्ये, त्याच्या आईला रक्त द्यायला." काही नावांपुढं पेन्सिल तशीच थांबते. एकाचं नाव लिहून मी पाच मिनिटं बसलो. सहा वर्षं आठवड्यातून चार दिवस भेटलेला माणूस, पण त्याला किती पोरं आहेत हे मला सांगता येईना. एका बारमध्ये तो भिंतीकडच्या खुर्चीवर बसायचा आणि शेंगदाण्यातला कांदा बाजूला काढायचा, एवढंच मला त्याच्याबद्दल ठाऊक.

यादी झाली की तीन खुणा करा. ज्यांच्यापुढं जागा आठवली ते दिवसाचे दोस्त. ज्यांच्यापुढं कोरं राहिलं ते सातचे दोस्त. तिसरी खूण पैशाच्या व्यवहाराची, मग तो पितो की नाही याला महत्त्व नाही. उसने घेतलेले, उसने दिलेले, भिशीतले. या तिसऱ्या खुणेकडं नवा माणूस लक्षच देत नाही आणि तिथूनच घसरतो. "पैसे द्यायला गेलो होतो, त्यानं बसवलं," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय! पैसे गूगल पेनं द्या. ते जमत नसेल तर सकाळी दहाला त्याच्या दुकानावर, तेही बायकोला किंवा भावाला सोबत घेऊन.

सातच्या दोस्तांना पहिले तीन महिने भेटायचं नाही. भांडायचं नाही, ब्लॉक करायचं नाही, उपदेश तर मुळीच करायचा नाही. नुसतं सातला भेटायचं नाही.

पायरी २ : एक वाक्य पाठ करा

नकार कसा द्यायचा यात नवी माणसं हमखास चुकतात, आणि चूक बहुतेक वेळा एकच असते : मुदत असलेली सबब.

"अँटिबायोटिक चालू आहे." कोर्स पाच दिवसांचा असतो हे दोस्तालाही माहीत असतं, तो सहाव्या दिवशी येतो. "श्रावण पाळतोय." उत्तम, श्रावणात कुणी आग्रह करत नाही. पण श्रावण संपायची वाट तुमच्यापेक्षा तोच जास्त बघत असतो, आणि मग पोळ्यानंतरची बैठक तुमच्या नावानं ठरते. माळ घालणाऱ्याला मुदत नाही हे खरं. आपल्याकडं गळ्यात तुळशीची माळ दिसली की परमिट रूममधला वेटरसुद्धा पुढं लिंबू सरबत ठेवतो. मनापासून घालणार असाल तर घालाच, पंढरपूर काही लांब नाही. पण ढाल म्हणून माळ घालू नका. खोटी माळ ज्या दिवशी उतरते त्या दिवशी माणूस दुप्पट पितो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मी तीन शब्दांवर आलो : "माझं बंद आहे." का, कधीपासून, किती दिवस, काही सांगायचं नाही. समोरचा "का बे?" म्हणणारच. पुन्हा तेच म्हणायचं आणि लगेच दुसरा विषय काढायचा : "माझं बंद आहे. तुझ्या पोरीचं ॲडमिशन झालं का?" हे आरशासमोर नाही, माणसासमोर म्हणून बघा. मी मेहुण्याला दोस्त बनवून बसवलं होतं. तो आग्रह इतका छान करायला लागला की दोघंही हसत सुटलो.

डॉक्टरांनी डायसल्फिरामची गोळी दिली असेल तर "गोळी चालू आहे, घेतली तर थेट दवाखान्यात" एवढं पुरतं. ते खरंही आहे. त्या गोळीवर दारू घेतली तर तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो, आणि शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. इथं घरच्यांसाठी एक कळकळीची गोष्ट सांगतो : ही गोळी चोरून भाजीत घालू नका. माणसाला ठाऊक नसतं, तो बाहेर पितो आणि जिवावर बेततं.

आणखी एक. बैठकीत बसावंच लागलं तर सीलबंद बाटली स्वतः फोडा आणि हातातच ठेवा. खाली ठेवून लघवीला जाऊन आलात तर परत आल्यावर ती उचलायची नाही, नवी मागवा. मजा म्हणून मिसळणारे दोस्त असतात. त्यांच्या दृष्टीनं ती खरंच मजा असते.

पायरी ३ : सहा ते नऊ

दिवसभर काही होत नाही. कारखान्यात माझ्या शेजारी बसून काजं-बटणं करणारा रोज पितो, त्यानं मला कधी फरक पडला नाही. हे माझ्या एकट्याचं नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या बारा हजारांवर लोकांच्या १९७१ ते २००३ या काळातल्या नोंदींचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की माणसाच्या पिण्यावर दोस्तांच्या आणि नातेवाइकांच्या पिण्याचा परिणाम होतो, शेजाऱ्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या पिण्याचा तसा ठळक दिसत नाही. तेव्हा नोकरी सोडायची घाई करू नका. कारखाना सुटल्यावर कुणाबरोबर गेटच्या बाहेर पडता, तेवढं बघा.

माझा रस्ता बदलायला मला एक आठवडा लागला. जुना रस्ता सवयीचा, त्यावर तीन परमिट रूम आणि एक देशीचं दुकान. गाडी आपोआप हळू व्हायची. बाटलीचं मला काही वाटायचं नाही. मला ओढायचा तो वास : तळलेल्या शेंगदाण्यावर चिरलेला कांदा, लिंबू, तिखट. पहिला महिना मी घरात शेंगाचटणीसुद्धा खाल्ली नाही, आणि सोलापूरच्या माणसानं कडक भाकरी चटणीशिवाय खायची म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. तुमचा वास वेगळा असेल. तो शोधून ठेवा.

भूक, राग, एकटेपणा, थकवा. या चारांपैकी दोन एकत्र आले की सातचा फोन उचलला जातो. यातल्या भुकेचं औषध सगळ्यात स्वस्त आहे, म्हणून आधी तेच करा : साडेसहाला पोटभर खा. भरल्या पोटी बसायला जाणारा माणूस मी क्वचित पाहिलाय. नंतर मुलाला क्लासला सोडणं, सिद्धेश्वर तलावाला चक्कर, मंडईतून भाजी, काहीही चालेल. फक्त ते कुणाला तरी कबूल केलेलं असावं. नुसतं "फिरून येतो" म्हणून निघालेला माणूस कुठं पोहोचतो, ते आपण जाणतो.

तलफ आलीच तर ती लाटेसारखी असते, चढते आणि साधारण अर्ध्या तासात ओसरते. तो अर्धा तास एकट्यानं काढायचा नाही. यासाठीच पुढची पायरी.

पायरी ४ : न पिणारा एक माणूस मिळवा

दहा नकोत, एक पुरे. कनेक्टिकटमधल्या संशोधकांनी २००९ साली मांडलेला निष्कर्ष असा की, माणसाच्या गोतावळ्यात न पिणारा एक जरी नवा माणूस आला तरी पुढचं वर्ष न पिता जाण्याची शक्यता २७ टक्क्यांनी वाढते. आकडा तिकडचा आहे, पण मला तो वाचून आश्चर्य वाटलं नाही.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना धरून राहायची संघटना, तिची सुरुवातच एका फोनपासून झाली. मे १९३५, अमेरिकेतलं ॲक्रन गाव. बिल विल्सन नावाचा शेअरबाजारातला माणूस, दारू सोडून काही महिने झालेले, धंद्याचा सौदा फिसकटलेला, परक्या गावात हॉटेलच्या लॉबीत उभा. एका बाजूला बारमधून हसण्याखिदळण्याचा आवाज, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्यानं फोन उचलला आणि चर्चच्या यादीवरून नंबर फिरवत विचारलं की, मला एखाद्या दारुड्याशी बोलायचंय, आहे का कुणी? त्याची गाठ पडली ती डॉक्टर बॉब स्मिथ यांच्याशी. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि रात्री अकरा वाजून गेले तरी बोलत बसले. त्याच वर्षी १० जूनला डॉ. बॉब शेवटचं प्याले आणि तोच दिवस संघटनेचा स्थापना दिवस मानतात. भारतात हे काम १९५७ पासून आहे.

मीटिंगला फी नाही, नाव नोंदवावं लागत नाही, धर्म विचारत नाहीत. दारू सोडायची इच्छा असली की झालं. तरी नवा माणूस दारातून परत जातो, कारण "आपल्याला कुणी बघितलं तर?" मीही दोनदा परत आलो. तिसऱ्यांदा आत गेलो तर कोपऱ्यात आमच्या गल्लीतले एक निवृत्त मास्तर बसलेले. मला बघून ते म्हणाले, "या. चहा अजून गरम आहे." गल्लीत भेटले तेव्हा त्यांनी त्यातलं अक्षर काढलं नाही, आजवर नाही.

पहिल्या तीन महिन्यांत रोज एक मीटिंग, असा जुना प्रघात आहे. रोज जमलं नाही तर ठरवून आठवड्यातल्या तीन तरी करा. स्पॉन्सर, म्हणजे हात धरून चालवणारा जुना सदस्य, शक्यतो पुरुषाला पुरुष आणि बाईला बाई. त्याचा नंबर फोनमध्ये सगळ्यात वर दिसेल असा ठेवा. माझ्या फोनमध्ये तो 'अ अ मास्तर' या नावानं आहे. आणि काही त्रास नसताना दोनचार वेळा फोन करून बघा, नाहीतर खऱ्या वेळी बोट उचलत नाही.

इथं एक सावधगिरी. एकाच आठवड्यात केंद्रातून सुटलेले दोघं घट्ट दोस्त होतात, हे नेहमीचं आहे. छान वाटतं, दोघांचं दुखणं एक. पण दोघंही पोहायला नवीन. एक बुडाला की दुसरा त्याला काढायला उतरतो आणि मग दोघांना शोधायला माणसं पाठवावी लागतात. निदान वर्षभर कोरडा राहिलेला माणूस धरा. त्याच्याकडून पैसे उसने घेऊ नका, देऊही नका.

पायरी ५ : सोलापूरचं पंचांग

गटारी अमावास्या, एकतीस डिसेंबर, पगाराचा शनिवार, हे सगळ्यांना कळतं. त्या दिवशी घरात बसावं हे सांगायला मी कशाला पाहिजे? फसवतात ते दुसरेच दिवस.

हुरडा पार्टी. डिसेंबरापासून रानात बोलावणी सुरू होतात. वांग्याचं भरीत, दही, चटणी, कोवळा हुरडा, हे काही दारूचं आमंत्रण वाटत नाही. पण रान गावापासून लांब, गाडी दुसऱ्याची, आणि चार वाजता कुणीतरी डिकी उघडतो. मग तुम्ही म्हणाल, मला सोडून ये. कोण सोडणार? माझा नियम साधा आहे : जिथून आपल्या गाडीनं किंवा आपल्या पायांनी निघता येत नाही तिथं पहिलं वर्ष जायचं नाही. सकाळी बायकोपोरांना घेऊन आपल्या गाडीवर जा, हुरडा खा, दोनच्या आत परत या.

भिशीचं जेवण. भिशी मोडू नका, जेवण सोडा. हप्ता फोनवरून टाका. पहिल्या दोन महिन्यांत टोमणे बसतील, नंतर लोकांच्या लक्षातही राहत नाही. आपण ज्याला अपमान समजतो तो बहुतेक वेळा दोन मिनिटांचा असतो.

लग्नाच्या आदल्या रात्रीचं 'मित्रमंडळींचं' जेवण टाळा, अक्षता टाकायला मात्र वेळेवर हजर राहा. आहेर करा, फोटोत दिसा, जेवा, निघा.

आणि गड्डा. जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा म्हणजे गावभर दोस्त. बाहेरगावी गेलेलेही परत येतात. आमची टोळी होम मैदानावर पाळण्यांच्या मागं कुठंतरी जमायची आणि अर्धी यात्रा मला आठवतच नाही. सोडल्यानंतरच्या पहिल्या वर्षी मी मुद्दाम नंदीध्वजांच्या मागं चाललो. बाराबंदी घातलेली माणसं तो उंच काठीचा भार कमरेच्या पट्ट्यावर तोलत अडुसष्ट लिंगांच्या वाटेनं जातात. शेजारून चालणाऱ्याला बोलायचीही सवड नसते, नजर वर लागलेली असते. त्या दिवशी सात कधी वाजले ते मला कळलं नाही. शोभेचं दारूकाम मी दरवर्षी बघतो. मास्तर म्हणतात, आता तेवढीच काय ती दारू.

घरच्यांना दोन ओळी

दोस्ताचा फोन आला की मागं उभं राहून ऐकू नका, आणि त्याला शिव्या घालू नका. ज्याला तुम्ही शिव्या घालता त्याची बाजू घ्यायला आमची जीभ आधीच तयार असते. किल्ली मात्र खुशाल पदराला बांधा. अल-अनॉन ही खास कुटुंबीयांसाठीची संघटना आहे, तिथं तुमच्यासारखीच माणसं भेटतील.

घसरलात तर

मीही घसरलो, चौथ्या महिन्यात. साडूच्या घरी, एक नव्वद. ते संपल्यावर डोक्यात आलेलं वाक्य लिहून ठेवा, तुम्हालाही तेच ऐकू येईल : "गेलंच आहे तर आता पुरं करू." त्या नव्वदपेक्षा हे वाक्य महाग पडतं. मी बाहेर येऊन गटारीच्या कठड्यावर बसलो आणि 'अ अ मास्तर' लावला. ते रागावले नाहीत. "कुठं आहेस? चालत निघ, मी समोरून येतो," एवढंच म्हणाले. पुढच्या मीटिंगला दिवस पुन्हा एकपासून मोजायला लागलो. लाज वाटली, पण मोजले.

ज्या दिवशी घसराल त्याच दिवशी सांगा. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलात की सांगण्याजोगी गोष्ट तयार व्हायला लागते, आणि ती खोटी असते.

वर्षानंतर यादी परत काढा

खाकी कागद जपून ठेवा. माझा अजून कटिंग टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहे, घड्यांवर फाटलाय. कोऱ्या राहिलेल्या नावांपैकी बरीच आपोआप गळाली. मी बोलावणं थांबवलं तसं त्यांनीही थांबवलं. दोघं दिवसाचे दोस्त झाले. एकाचं नाव मी अजून तसंच ठेवलंय, कारण त्याच्याबरोबर मी कुठंही बसलो तरी माझ्या हाताला ग्लास आठवतो. त्याची चूक काहीच नाही.

आणि तो अशोक चौकातला. फीचे पैसे मी त्याला पाच हप्त्यांत परत केले, दरवेळी सकाळी, त्याच्या दुकानावर. तो पितो अजून, आणि फोनही अजून सातलाच करतो. मी उचलत नाही. दुसऱ्या दिवशी साडेदहाला उलट लावतो आणि आम्ही कापडाचे भाव बोलतो.